मोठी बरसी नावाचं फूल

मी चुकले होते. हे वाक्य लिहायची वेळ माझ्यावर फारशी आलेली नाही, म्हणून आधीच लिहून मोकळी होते. कऱ्हाडच्या कॉलेजात तीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं, निवृत्त झाले, आणि आता झाडंफुलं ओळखायच्या एका व्हॉट्सॲप गटावर लोकांच्या चुका काढत बसते. भाद्रपद लागता लागता त्या गटावर एक फोटो आला. नारिंगी फूल, सहा पाकळ्या, पाकळ्यांवर ठिपके, आणि फोटो काढताना हात हललेला. कुणी ऑर्किड म्हणालं, कुणी ग्लॅडिओलस. दोघांनाही झापून मी ठणकावलं, "बेलमकांडा आहे. ठिपके दिसत नाहीत का?"

फोटो टाकणारीचं उत्तर दुपारी आलं. "मॅडम, ठिपके चिखलाचे हायत. पावसानं उडालेत. आमच्यात या फुलाला मोठी बरसी म्हणतेत. याचं दुसरं काही नाव असंल तर सांगा, लई गरज हाय. न्हाई तर अण्णा झाड उपटून टाकणार हायत."

नाव चांगलं नाही म्हणून कुणी झाड उपटतं हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. मी फोन लावला. बाई महानंदा, चाकूरला अंगणवाडीत सेविका. झाड तिच्या माहेरी, किल्लारीला. थोरल्या भावाची, म्हणजे संगाप्पा अण्णांची लेक पहिल्या बाळंतपणाला आली होती. बरसी म्हणजे माणूस गेल्याला वर्ष झालं की करतात ते श्राद्ध. पोर भरल्या दिवसांची, आणि दारात झाड मोठ्या बरसीचं. ते आता नको, सोमवारी काढतो, असं अण्णांनी जाहीर केलं होतं.

मी नीट फोटो मागवले. तिने चार पाठवले, एकापेक्षा एक वाईट. असल्या फोटोंवरून पुन्हा एकदा तोंडघशी पडायची माझी तयारी नव्हती. कंद आला कुठून, विचारलं. "नांदेडहून. मावशीच्या शेजारी जुना बंगला होता, तिथल्या बागेतनं मीच आणला होता लहानपणी." हे बोलताना तिचा आवाज खाली गेला. ते माझ्या कानावर पडलं, पण मी त्याचा विचार केला नाही. बागेतलं झाड असेल तर त्याचं नाव बागेतच सापडतं, हा माझा जुना हिशोब. माझा मुलगा म्हणाला, "एका फुलासाठी मराठवाड्यात जाणार?" म्हटलं, फुलासाठी नाही, नावासाठी.

नांदेड

बंगल्याच्या जागी मंगल कार्यालय उभं आहे. बागेच्या ठिकाणी फरशी आणि प्लॅस्टिकची हिरवळ. मी वॉचमनवर उगाचच चिडले, त्याचा काय दोष. त्यानेच मागच्या गल्लीतल्या युसूफचाचांचं घर दाखवलं. चाचांचे वडील त्या बंगल्यात माळी होते, मग चाचा झाले, आणि बंगला पडेपर्यंत होते.

गल्लीत शिरताना भिंतीवर एका संतांच्या बरसीचं हे मोठं पोस्टर लावलेलं पाहिलं. तारीख, कीर्तन, लंगर, सगळं त्यावर लिहिलेलं. गुरुद्वाराच्या या गावात बरसी म्हणजे चार माणसांनी एकत्र येऊन जेवायचं. आमच्या कऱ्हाडला श्राद्धाचं नाव काढलं की लोक आवाज खाली घेतात. तोच शब्द इथे रंगीत अक्षरांत भिंतीवर होता. मी थोडा वेळ तिथे उभी राहिले.

चाचा ऐंशीच्या पुढचे. त्यांनी चहा बशीत ओतून माझ्यापुढे सरकवला आणि मोबाईल नाकाजवळ धरून फोटो पाहिला.

"मांटबरेसा," ते म्हणाले.

"मोठी बरसी?"

"मोठी न्हाई, छोटी न्हाई. मांटबरेसा. अब्बा असंच बोलायचे. हैदराबादहून खोक्यात कांदे आले होते, खोक्यावर लिहिलेलं होतं. पावसात येतंय, थंडीत झोपतंय. बी धरत न्हाई बाई त्येला. कुणी कुणाला दिलं तरच पुढं जातंय."

"तुम्ही एका लहान मुलीला कांदे दिले होते का? तीसेक वर्षांपूर्वी. शेजारी मावशीकडे यायची."

चाचा हसले. "भिंतीवरनं जो मागंल त्येला द्यायचो. किती पोरं आली, याद न्हाई." मग एकदम त्यांनी विचारलं, "जिंदा हाय का झाड?"

आहे म्हटल्यावर त्यांनी मोबाईल पुन्हा नाकाजवळ धरला. बराच वेळ फोटो बघत राहिले. बंगला पडल्यावर त्यांच्या बागेतलं फूल त्यांना पुन्हा दिसत होतं ते बहुधा पहिल्यांदाच. मी वही काढून लिहिलं: "मांटबरेसा. अपभ्रंश. निरुपयोगी." खाली लिहिलं, "बी धरत नाही." हे मात्र कामाचं होतं. बी न धरणारं बागेतलं झाड बहुतेक वेळा संकरित निघतं, दोन जातींचं मिळून माणसाने केलेलं.

या सगळ्यात माझं भिंग चाचांच्या तिपाईवर राहिलं. ते मला किल्लारीला, नेमकं हवं होतं तेव्हा कळलं.

लातूर

लातूरच्या बसस्टँडसमोर हॉटेलातल्या पोऱ्याने विचारलं, "सुशीला देऊ का?" मी म्हटलं, कोण सुशीला? शेजारच्या टेबलावरचे दोघे तोंड फिरवून हसले. सुशीला म्हणजे भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा तिखट उपमा, वर शेंगदाणे आणि कोथिंबीर. मी दोन बशा खाल्ल्या. हा पदार्थ आमच्या भागात अजून कसा पोचला नाही, हे नवलच.

महानंदा चाकूरहून आली. पंचेचाळिशीच्या आतबाहेरची, उंच, कपाळावर भस्माची पुसट रेघ, हातात डबा. किल्लारीच्या बसमध्ये मला खिडकी देऊन ती शेजारी बसली. औशापर्यंत अंगणवाडीच्या गोष्टी सांगत होती. औसा सुटल्यावर बाहेर नुसतं सोयाबीन आणि ऊस. तेव्हा ती आपण होऊन बोलायला लागली. डोळे समोरच्या सीटच्या दांडीवर.

"त्र्याण्णव साल. अकरा वर्षांची होते मी. उन्हाळ्याची सुट्टी सरली, मावशीकडनं येताना त्या माळीचाचांनी चार कांदे दिले. रुमालात बांधून आणले. अव्वानं दारात मोरीच्या पाण्यावर लावले."

अव्वा म्हणजे तिची आई.

"गणपतीत पहिली दांडी आली फुलांची. शेजारच्या बाया आल्या बघायला. नाव काय गं, म्हणाल्या. मी म्हटलं, मोटबरशी. चाचा म्हणाले तसंच म्हटलं होतं. तर एक जण म्हणाली, मोठी बरसी? आगं, असलं नाव असतंय का कुठं फुलाला? सगळ्या हसल्या. अव्वाबी हसली. मग तेच नाव पडलं."

पुढचं मला माहीत होतं आणि नव्हतंही. गणपती बुडवून गाव झोपलं त्या रात्रीचा भूकंप महाराष्ट्रात सगळ्यांना ठाऊक आहे. महानंदा, अण्णा आणि त्यांचे वडील बाहेर पडवीत पत्र्याखाली झोपले होते. अव्वा आणि धाकटी शांता आत होत्या. वर मातीचं जाड माळवद, भिंती दगडाच्या. शांता सात वर्षांची होती.

"तिसऱ्या दिवशी अण्णा माझ्याजवळ आले," महानंदा म्हणाली. "पंधरा-सोळा वर्षांचे होते. म्हणाले, बरसी तूच आणलीस घरात. बस, येवढंच. परत कधी न्हाई म्हणाले. लेकरासारखं सांभाळलं मला, लग्न लावलं, दरसाल दिवाळीला न्यायला येतेत. पण मला ते रोज ऐकू येतंय, मॅडम."

मी तिला म्हणाले, फुलाच्या नावाने भूकंप होत नसतो. ती म्हणाली, "हाव. मला म्हाईत हाय." आणि पुन्हा दांडीकडे बघायला लागली. माझं शिक्षकी वाक्य माझ्याजवळच राहिलं. तीस वर्षं तिला म्हाईत होतं, आणि त्याचा तिला काडीचा उपयोग झाला नव्हता. मला वाईट वाटलं, आणि भीतीही. मला नाव सापडलं नाही तर सोमवारी झाड जाणार होतं, आणि अण्णांचं ते बोलणं तिच्यापाशी कायमचं राहणार होतं.

"मग इतकी वर्षं झाड राहिलं कसं?"

"बाबांनी. दुसऱ्या पावसाळ्यात दगडमातीतनं पातं वर आलं. बाबांनी उकरून कांदे काढले, पत्र्याच्या शेडपुढं लावले, मग नव्या घरापुढं. कुणालाच हात लावू दिला न्हाई. पण देवाला ते फूल कधी वाह्यलं न्हाई आमच्यात. नाव तसलं ना. गेल्या साली बाबा गेले, लिंगैक्य झाले."

किल्लारी

नवी किल्लारी जुन्या गावापासून लांब वसवली आहे. रस्ते प्रशस्त, घरं एका मापाची, पुढे अंगण सोडलेलं. आमच्याकडे घरं एकमेकांना टेकून उभी असतात. इथे मधे जागा सोडायची सवय लोकांना लागलेली दिसली. दगडी भिंत कुठे नजरेला पडली नाही.

पाऊस नुकताच पडून गेला होता. घराच्या वळणावर काळ्या मातीत माझी चप्पल रुतली, ओढली तर तिचा अंगठाच तुटला. मी एका पायात चप्पल आणि एका पायात चिखल अशी त्या दारात पोचले. संगाप्पा अण्णा पुढे झाले, हात जोडून "शरणार्थ" म्हणाले आणि स्वतः माझ्या पायांवर पाणी घातलं. उसाची शेती, बोलणं थोडं, सगळ्या हालचाली सावकाश. त्यांची लेक दाराशी सूप घेऊन शेंगा फोडत होती.

"लांबून आलाव," ते म्हणाले. "जेवा, ऱ्हावा. पण झाडाचं मी ठरविलंय."

झाड मोरीजवळ होतं. चांगल्या हातभर जागेत पसरलेलं, वीस-पंचवीस दांड्या. पाती तलवारीसारखी, बुडाशी पंख्यासारखी एकात एक बसलेली. म्हणजे कुळ आयरिसचं असावं. दांडी प्रत्येक फुलापाशी थोडी वळून नागमोडी गेलेली. खाली बसले आणि पिशवीत हात घातला, तर भिंग नाही.

मी चडफडत पिशवी उलटी करत होते. अण्णा थोडा वेळ बघत राहिले. मग खिशातून पोथी वाचायचा चष्मा काढून माझ्यापुढे धरला. "ह्येनं हुतंय का बघा."

काच जवळ धरून चालेना, लांब धरली तर चाललं. पण एका हातात फूल आणि एका हातात चष्मा जमेना, म्हणून मी चष्मा त्यांनाच धरायला सांगितला. "आत बारीक दांडे दिसतात, टोकाला पराग असलेले. किती आहेत?"

अण्णा गुडघ्यावर बसले. "तीन."

"नीट बघा. सहा असले तर हे लिलीचं कुळ. तीन असले तर आयरिसचं."

"तीनच हायत," ते म्हणाले, आणि दुसरं फूल आपणच ओढून मोजलं. "ह्यातबी तीन."

मग एक कंद उकरला. तो एकटा नव्हता. एकाखाली एक असे पाच, माळेसारखे लागलेले, खालचे सुरकुतलेले. दरवर्षी जुन्याच्या डोक्यावर नवा बसतो. आता एकच परीक्षा उरली होती आणि तिला भिंग लागत नव्हतं.

"गरम पाणी आणा. आणि दांड्यांवर वाळलेली फुलं आहेत ती सगळी."

महानंदाने पेल्यात वाळकी फुलं टाकली, वर कढत पाणी ओतलं, बशी झाकली. आम्ही चौघं ओट्यावर बसलो. जरा वेळाने मी अण्णांना म्हटलं, तुम्ही उघडा. त्यांनी बशी उचलली, वाकले, आणि तसेच राहिले.

"केशर," लेकच बोलली. तिला रोज दूध मिळत होतं ना केशराचं.

"क्रोकोस्मिया," मी म्हटलं. "नावाचा अर्थच केशराचा वास." बऱ्याच दिवसांनी मला स्वतःचं कौतुक वाटलं.

ते अण्णांनी टिकू दिलं नाही. "ते तुमचं पुस्तकातलं झालं, मॅडम. मग बरसी कुठनं आली?"

प्रश्न रास्त होता. मी शिकवण्याच्या सुरात सुरू केलं, की फुलाला शास्त्रात नावं बदलत जातात, जुन्या बागांच्या याद्यांत, रोपांच्या खोक्यांवर याला क्रोकोस्मिया म्हणत नसत, त्याला म्हणत मोंटब्रेशिया...

आणि मी थांबले. वही उघडली. "मांटबरेसा. अपभ्रंश. निरुपयोगी." माझ्याच अक्षरात. मला कानकोंडं झालं.

"ऐका," मी म्हटलं. "खोक्यावर होतं मोंटब्रेशिया. माळीचाचांच्या अब्बांनी वाचलं मांटबरेसा. महानंदाने ऐकलं..."

"मोटबरशी," ती म्हणाली. तिचा आवाज अगदी लहान झाला होता. "आणि बायांनी केलं मोठी बरसी."

सुपातल्या शेंगा तशाच राहिल्या. महानंदाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती. मी वहीत ती चार नावं एकाखाली एक लिहिली आणि पान फाडून अण्णांना दिलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं. ओठ हलत होते.

मला जे माहीत होतं ते सगळं मी सांगितलं. आफ्रिकेतल्या दोन रानटी जाती एका फ्रेंच बागवानाने एकत्र आणल्या आणि हे फूल केलं. बी जवळजवळ धरत नाही. कंदातून कंद, एका हातातून दुसऱ्या हातात.

"म्हंजे हे तेच?" महानंदाने विचारलं. "अव्वानं लावलेलं?"

"तेच. याचं पोर नाही, नातवंड नाही. तेच झाड आहे."

इथे थांबले असते तर बरं झालं असतं, असं मला तेव्हा वाटलं. पण नावाचा अर्धा भाग लपवणं मला जमत नाही. मी म्हटलं, मोंटब्रेशिया हे नाव एका परदेशी मुलाच्या आठवणीने ठेवलेलं आहे. झाडांचा अभ्यास करायला निघाला होता, घरापासून लांब मेला. विशीतला होता.

लेकीने हात पोटावर ठेवला. मला जीभ चावावीशी वाटली.

"मेल्यावर ठिवलं नाव?" अण्णांनी विचारलं.

"हो."

"म्हंजे नावानं माणूस गेला न्हाई. माणूस गेल्यावर नाव आलं."

"हो."

ते उठले, कागद खिशात घातला, आणि जेवणाला न थांबता शेताकडे निघून गेले. संध्याकाळी आले आणि झाडाचं नाव न काढता जेवायला बसले. येसराची आमटी, भाकरी, शेंगदाण्याची चटणी, सगळं छान होतं, पण माझं लक्ष बाहेरच्या झाडाकडे होतं. महानंदा वाढताना एकदाच हळू म्हणाली, "तुम्ही आलाव, बास." सोमवार दुसऱ्याच दिवशी होता.

सकाळी मला जाग आली ती अंगणातल्या खराट्याच्या आवाजाने. अण्णा अंघोळ करून सोप्यात पूजेला बसले होते. गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेतलेलं, समोर तांब्याचं ताम्हण, त्यात तगर आणि जास्वंद. मी दारातच थांबले. आमच्याकडे देवाला हात जोडतात, इथे देव हातावर बसवतात, आणि तेवढा वेळ घरात कुणी मोठ्याने बोलत नाही.

अण्णांनी ताम्हणातल्या फुलांकडे बघितलं. हात पुढे केला नाही.

"महानंदा," ते म्हणाले.

ती चुलीपाशी होती. उठून आली.

"दोन फुलं दे त्या झाडाची."

तिला कळलं नाही, किंवा कळूनही तिचा विश्वास बसला नाही. "कोणत्या झाडाची, अण्णा?"

त्यांनी मान वर केली नाही. हातावरच्या लिंगाकडे बघत म्हणाले, "तू आणलेल्या."

महानंदा अंगणात गेली. रात्री पाऊस झाला होता, पाकळ्यांवर चिखल उडाला होता. तिने दोन फुलं खुडली, आणि एकेक ठिपका पाण्याने धुऊन काढूनच आत आणली.